आमरसाच्या पातेल्यातली माझी परीक्षा

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका, मी काही अवघड वस्तू नाही. मोटारीच्या इंजिनाजवळ, पाण्याच्या वाटेवर मी दार होऊन बसतो. पितळेचं अंग, एक स्प्रिंग आणि पोटात चिमूटभर मेण, एवढाच माझा संसार. सकाळी इंजिन गार असतं तेव्हा मी दार घट्ट लावून घेतो, म्हणजे ते लवकर ऊब धरतं. पाणी ब्याऐंशी अंशांवर गेलं की मेण फुगतं, दार उघडतं आणि तापलेलं पाणी गार व्हायला पुढच्या जाळीकडे, म्हणजे रेडिएटरकडे जातं. ब्याऐंशी हा आकडा माझ्या अंगावरच कोरलेला आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका पांढऱ्या गाडीत बसलो आणि रत्नागिरीजवळच्या पावस गावी आलो. चौदा वर्षं तिथेच आहे. येणारेजाणारे हॉर्नचं कौतुक करतात, सीटच्या कव्हरांचं करतात. माझं नाव कुणी काढत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. बरं, जरासं वाटतं.

ही गाडी हाजरा चालवते. तिचा नवरा तन्वीर मस्कतला नोकरीला आहे. घरी ती आणि तिचे सासरे, हुसेन अब्बा. अब्बांनी अडतीस वर्षं मच्छीमार लाँचांवर इंजिन सांभाळलं. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. आता त्यांची स्वतःचीच मूत्रपिंडं थकली आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हाजरा त्यांना रत्नागिरीला डायलिसिसला नेते. तिथे यंत्र त्यांचं रक्त धुऊन देतं. परतताना त्यांना बसवत नाही, म्हणून पुढची सीट आडवी करून आणावं लागतं. एसटीत किंवा रिक्षात हे कसं जमायचं?

गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी जाताना चढावर गाडी तापली. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. हाजराने गाडी कडेला घेऊन बंद केली. अब्बा उतरले आणि बॉनेट उघडून थेट रेडिएटरच्या झाकणाकडे गेले.

"हात लावू नका अब्बा! उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मला शिकवतंस काय गो?" अब्बा चिडले, पण थांबले. पाऊण तास तिथेच गेला. गार झाल्यावर पाणी भरून दोघं हळूहळू घरी आले. डायलिसिस चुकलं. डॉक्टरांनी फोनवर बजावलं की शुक्रवार काहीही करून चुकवायचा नाही. अब्बांचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते.

अब्बा मात्र म्हणाले, "गाडीच गेली, बरं झालं. सुटलो बाय एकदाचा त्या सुयांतून!"

हाजराने बॉनेट लावून टाकलं. तिच्या श्वासावरून मला कळलं की ती रडू आवरते आहे. मित्रांनो, मला त्या वेळी फार अपराधी वाटलं. चूक माझीच असली तर?

बुधवारी ती कामाला लागली. रात्रभर गाडीखाली तिने पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा निघाला. म्हणजे गळती नव्हती. इंजिन चालू ठेवून वाट पाहिली, तर पंखाही घरघर फिरला. मग अब्बा म्हणाले, "आता राहिला तो वॉल. तोच अडकलाय. काढून फेक."

वॉल म्हणजे झडप, म्हणजे मी! चौदा वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस. गुरुवारी सकाळी इंजिन थंडगार असताना अब्बांनी दोन बोल्ट सोडले आणि मला बाहेर काढलं. चौदा वर्षांनी उजेड पाहिला. समोर जुन्या बोल्टांचा गंजका डबा उघडा पडला होता. अब्बा मला त्यात टाकणार, तोच हाजरा म्हणाली, "आधी तपासू या. मग टाका."

तिने मला स्वयंपाकघरात नेलं. दर उन्हाळ्यात ती आमरस तापवून बाटल्यांत भरते. तो किती तापला ते बघायला तिच्याकडे काचेचा लांब थर्मामीटर आहे. त्याच पातेल्यात पाणी घेऊन तिने मला दोऱ्याला बांधून सोडलं, बुडाला टेकू दिलं नाही. खाली गॅस पेटला.

सत्तर झाले. मी गप्प. शहात्तर झाले. तरी गप्प.

"बघ, मी काय बोललो?" अब्बा म्हणाले.

अहो, जरा दम धरा की! माझ्या मनात धाकधूक होतीच, वय झालंय माझं. ब्याऐंशीला पोटातलं मेण हललं. दाराला केसाएवढी फट पडली, मग ती रुंदावत गेली आणि नव्वदीच्या पुढे मी सताड उघडलो. बाहेर काढून गार केल्यावर दार घट्ट मिटलंसुद्धा.

"अब्बा, हा बिचारा शहाणा आहे हो!" हाजरा हसली. माझ्याबद्दल कुणी चांगलं बोलल्याची ती पहिलीच वेळ. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

अब्बा हटायला तयार नव्हते. "तरी नको तो. लाँचवर मी आधी हाच काढायचो. दर्याचं पाणी एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. मध्ये दार कशाला?"

"लाँचला दर्या होता," हाजरा म्हणाली. "आपल्या गाडीत तेच पाणी फिरतंय. मग त्याची गरमी जाते कुठे?"

अब्बांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाऱ्यात." आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला! आयुष्यभर पाणी बघत आलो. वारा कधी बघितलाच नाही."

मला पायरीवर ठेवून दोघं गाडीपुढे वाकले. बॅटरीच्या उजेडात रेडिएटर दिसला. गाडी आंबे पेट्यांत भरायच्या मांडवाकडे तोंड करून उभी असते. चिकट मोहर, लाल धूळ, पेट्यांतल्या पेंढ्याचा भुसा, सगळं पंख्याने ओढून त्या जाळीवर गोधडीसारखं थापलं होतं. वारा जाणार कुठून?

अब्बांनी स्टूल मागवलं. ते बसून सांगत होते, हाजरा मऊ ब्रशने झाडत होती. "आतून बाहेर पाणी सोड. हळू. जोरात मारलंस तर पाती वाकतील." तासाभराने जाळीतून पलीकडचं दिसू लागलं.

अब्बांनी जाळीकडे बोट दाखवलं. "माझीपण जाळी अशीच तुंबलीय गो."

"मग ती धुवायलाच जायचंय ना उद्या," हाजरा म्हणाली.

अब्बांनी मला पुसलं, नवं पॅकिंग घातलं आणि स्वतःच्या हाताने जागेवर बसवलं. बोल्टही त्यांनी हाजराला आवळू दिले नाहीत. हाजराने पाणी भरलं.

शुक्रवारी तोच चढ आला. पाणी तापलं, मी दार उघडलं, जाळीतून वारा गेला. काटा मध्यावरून हलला नाही. मित्रांनो, हाजरासारखी माणसं मला फार आवडतात. ती घाबरतात, पण एकेक गोष्ट तपासतात. तुमच्या घरची गाडी तापली तर गरम झाकणाला हात घालू नका, मोठ्यांनाही घालू देऊ नका. तिच्या जाळीला वारा मिळतो का तेही बघा. आणि कुणालाही डब्यात टाकण्याआधी त्याला एकदा पाण्यात सोडून तर बघा.

परतताना अब्बा आडव्या सीटवर डोळे मिटून पडले होते. झोपले असतील असं वाटलं. घर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हाजरा, मंगळवारी किती वाजता निघायचं?"