चिठ्ठीतला वाक्प्रचार

अंबरीन मॅडम चौथीला खेळातून वाक्प्रचार शिकवत होत्या. चिठ्ठी उचलून अभिनय करायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. 'पोटात कावळे ओरडणे' झाल्यावर वर्ग खूप हसला.

रेणुकाला 'हात पिवळे करणे' आलं. ती नुसती उभी राहिली.

"अर्थ माहीत नाही का?"

"माहीत हाय. दिवाळीत ताईचे केले. कुणाला सांगू नको म्हन्ली आई."

ताई सातवीत होती. ती शाळेत यायची थांबली, तेव्हा मामाकडे गेली असेल म्हणून मॅडमनी चौकशीच केली नव्हती.

संध्याकाळी त्या रेणुकाच्या घरी गेल्या.

"आता काय उपयोग, मॅडम? ती तिकडं नांदून राह्यली," आई म्हणाली.

घरी परतताना भोकरदनच्या बसमध्ये मॅडमना एकच वाटत राहिलं, तेव्हाच यायला हवं होतं.