उतरणाऱ्या पाण्याची जागा

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नवनाथने रोहिणी सिस्टरांच्या घरातल्या माशांच्या टाकीचा पंप स्वतःच्या हाताने बंद केला. दोन बाराला पाणी फरशीवर आलं.

पळसदरीपासून खालापूरपर्यंत बावीस वर्षं विहिरींचे आणि बोअरचे पंप दुरुस्त करणारा माणूस टॉवेल घेऊन गुडघ्यांवर बसला. पाणी थांबेना. शेवटी त्याने टाकीतला पाइप उचलून पाण्याबाहेर धरला, तेव्हा कुठे ते थांबलं.

वर तीन फुटी टाकी होती आणि तिच्यात एकच मासा, पंजाएवढा काळा-नारिंगी, ऑस्कर जातीचा. खाणं उशिरा मिळालं की तो काचेवर धडका मारायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. त्याच्याबरोबरचे चार मासे वर्षभरात गेले होते. सिस्टरांची पाठ धरलेली, बादल्या उचलून पाणी बदलणं होत नव्हतं. महिन्यापूर्वी नवनाथ त्यांच्या बिल्डिंगची मोटर बघायला आला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या होत्या, "घरात शिरले की दाराकडं तोंड करनारा एवढा एकच उरलाय, भाऊ. ह्योबी जाईल आता."

"मी करून देतो कायतरी," नवनाथ म्हणाला होता.

त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं.

मग त्याने चौकशी केली. टाकीच्या खाली आणखी एक छोटी काचेची टाकी बसवायची, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी ओसंडून तिच्यात उतरतं, स्पंज आणि खड्यांमधून गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. एकूण पाणी वाढतं, घाण खाली राहते, बादल्यांचं काम कमी होतं. त्याने स्टँडच्या आतली जागा दोनदा मोजली. खोपोलीच्या दुकानातला मोठा सम्प स्टँडच्या दारातून आत जाणार नव्हता, म्हणून दोन फुटी घेतला. पंप मात्र त्याने मागितला तो थोरलाच. दुकानदार नीलेश हसला.

"काका, मासा पाळायचाय का भात लावायचाय?"

बारका पंप आला. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पडेपर्यंत साहेबाने एक दिवस निळ्या ड्रममध्ये काढला. सगळं नीट झालं होतं. फक्त नवनाथने सम्प काठोकाठ भरला होता. पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला होता ना, मग चढलेलं पाणी उतरेलच कसं? विहिरीवर ते कधी उतरू द्यायचं नसतं.

सकाळी त्याच्याकडे किल्ली देऊन गेलेल्या सिस्टर पावणेतीनला दवाखान्यातल्या ड्यूटीवरून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"काय रं भाऊ, पूर आनलास का घरात?"

"माझी चूक हाय, सिस्टर. पुसतो."

"साहेब?"

"बरा हाय. रागावलाय."

त्यांनी काचेला बोट लावलं. मासा आला. मग त्या खाली वाकून म्हणाल्या, "मोटर बंद झाली की पानी खाली का येतं?"

नवनाथचा हात पाइपावर थांबला.

चार वर्षांपूर्वी पळसदरीला त्याने पंपाच्या पेटीत हात घातला आणि नाग चावला. दवाखान्यात त्याच्या पापण्या मिटत होत्या. याच सिस्टर उशाशी उभ्या राहून ओरडत होत्या: डोळे उघडा, बोला, मोटर बंद झाली की पानी खाली का येत नाय, सांगा. त्याने जड जिभेने व्हॉल्व्ह समजावला. समजला नाय, परत सांगा, त्या म्हणाल्या. इंजेक्शनं लागू पडेपर्यंत त्यांना काही समजलं नाही.

त्याने व्हॉल्व्ह उघडला. झडपेत मोहरीएवढा खडा अडकला होता.

"ह्याच्यामुळं. पन खडा नसता तरी कधीतरी आलंच असतं. भरवसा व्हॉल्व्हवर ठेवायचा नाय. खाली जागा ठेवायची."

त्याने व्हॉल्व्ह काढूनच टाकला. पाइपाचं तोंड पाण्याच्या जेमतेम खाली आणलं आणि त्याला बारीक भोक पाडलं, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा आत शिरेल आणि पाण्याची धार तुटेल. सम्प अर्धाच भरला आणि पंप सुरू केला.

"आता तुमी बंद करा."

सिस्टरांनी बटण दाबलं. खालचं पाणी चढू लागलं. दोघं बघत राहिली. काठाच्या चार बोटं खाली ते थांबलं. नवनाथने तिथे रंगाची रेघ मारली.

"असं मोटारीचं मला कुनीतरी आधी सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पेशंट असंल."

"बरा झाला का तो?"

"झाला असंल. बरे झालेले घरी जातात रं, ते कुठं ध्यानात राहतात. ध्यानात राहतात ते दुसरेच."

नवनाथने पान्याने नट आणखी एकदा आवळला. तो आधीच घट्ट होता.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला वीज गेली. दोन वाजले तरी आली नाही. एका टेंपोच्या अपघातातले जखमी आल्यामुळे सिस्टरांची ड्यूटी वाढली होती. त्यांनी नवनाथला फोन केला. तो भिवपुरीला होता. साडेतीनला पोचला. घराला कुलूप, किल्ली सिस्टरांकडे, खिडकीला पडदा. त्याने दाराखालच्या फटीत बोटं घातली आणि सिस्टरांना फोन लावला.

"कोरडं हाय, सिस्टर."

"आन साहेब?"

"दिसत नाय. बुडबुडे ऐकू येतायत."

वीज गेली की आपोआप सुरू होणारं, बॅटरीवरचं हवेचं यंत्र त्यानेच लावून दिलं होतं. पाच तास चालतं, असं नीलेश म्हणाला होता; म्हणजे चार चाळीसपर्यंत.

"तुमी जावा भाऊ, तुमची कामं असतील."

"हाय मी इथंच."

तो पायरीवर बसला, कान दाराला लावून. चार वाजून वीस मिनिटांपर्यंत वीज आलेली नव्हती. बुडबुडे चालू होते.