खंडेनवमीला बांधलेला श्वास

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. अंगाने काळा, खांद्याने पांढरा, रंग जागोजाग उडालेला. मला म्हातारा म्हणा, राग नाही. पण शोभेची वस्तू म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे!

पोलादातून घडलो आणि दवाखान्यांत वर्षानुवर्षे राबलो. शेवटी गारखेड्यात बद्रीनाथच्या घरी आलो. त्याची आई मनकर्णाबाई. खुलताबादकडच्या शेतावर त्यांचा जन्म चुलीच्या धुरात गेला आणि छाती निकामी झाली. त्यांना ऑक्सिजन पुरवायचे ते विजेवर चालणारे मशीन. कौतुक सगळे त्याचेच! वीज गेली तर मी, म्हणून मला साखळीने कोपऱ्यात बांधले. पुढे माझ्या खांद्यावर ओले टॉवेल वाळू लागले. मला अपमान वाटायचा, पण मी भरलेला होतो आणि तयार होतो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारे पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची, ही त्या घरची रीत. सून आशाबाईने पाटावर विळा, खुरपे, नटबोल्ट आवळायचे पाने मांडले आणि त्यांच्यातच माझे तोंड उघडायची चावी ठेवली. मला झेंडूचा हार घातला. पायाशी निरांजन लावले. अगं बाई, ऑक्सिजनजवळ आग? मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण लक्षात कोण घेतो!

दुपारी वीज गेली. मशीन किंचाळले आणि बंद पडले. मनकर्णाबाईंना धाप लागली, ओठ निळसर दिसू लागले. बद्रीनाथ पाटाकडे धावला, पण त्याचा हात तिथेच थबकला.

"पुजलेलं अवजार आज उचलत नाय," आशाबाई घाबरून म्हणाली. "लाईट येईल की आत्ता."

"येईल तव्हा येईल!" मनकर्णाबाई तुटक श्वासात कडाडल्या. "लोखंडाला इसावा... मला नाय. आधी तो दिवा... बाहेर ने. उचल चावी!"

आशाबाईने निरांजन अंगणात नेले. बद्रीनाथने हार ओढून काढला, अवजारांना तेल लावून माखलेले हात साबणाने धुतले, चावी पुसली आणि फिरवली. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर काटा आणला आणि माझी नळी मनकर्णाबाईंच्या नाकाला लावली. मी सुस्कारत कामाला लागलो. त्यांच्या ओठांचा रंग परतताना पाहिला आणि मला अभिमान वाटला. का वाटू नये?

"रीत मोडली पण," आशाबाई डोळे पुसत म्हणाली.

"मोडू दे. मी हाय ना!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा श्वास विजेवर चालत असेल, तर विजेच्या भरवशावर बसू नका. माझ्यासारखा सोबती भरलेला आहे का ते बघत जा. त्याची चावी त्याच्याच गळ्यात टांगा. दिवा, उदबत्ती, तेल त्याच्यापासून लांब ठेवा. मी हे विनवून सांगत नाही, बजावून सांगतो आहे.

यंदाही खंडेनवमीला आशाबाई हळदकुंकू घेऊन माझ्याकडे वळली. मनकर्णाबाईंनी खाटेवरूनच तिला अडवले.

"त्याला पुजू नको गं. भरून आण!"