माझ्या तळाकडे बघा

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना काचेचा चंबू आहे, खाली पसरट आणि वर निमुळता. मला बोलता येत नाही याचा मला एवढा संताप पूर्वी कधी आला नव्हता.

यवतमाळच्या एका महाविद्यालयात मी पुष्कळ वर्षे काढली. उकळत्या द्रवानेही मी तडकत नसे, म्हणून सर माझे कौतुक करत. मग काठाचा टवका उडाला आणि मी भंगाराच्या खोक्यात गेलो. तिथून मला क्षितिजने घरी आणले. तो सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर. नागपूरच्या एका बिअरच्या कारखान्याने त्याला यीस्टच्या तीन नळ्या दिल्या होत्या. ते घरी वाढवून सोमवारी जिवंत आणून दाखवले, तरच नोकरी.

त्याने माल्टची, म्हणजे मोड आलेल्या सातूची, पूड पाण्यात उकळून माझ्यात ओतली. तोंडावर चंदेरी कागद सैल बसवला. मला कूलरच्या टाकीत ठेवून नीट निववले आणि मगच पहिल्या नळीतले यीस्ट सोडले. अधूनमधून तो मला गोल हलवत असे. सगळे चोख!

माझ्या पोटात यीस्ट खात होते, वाढत होते. फक्त आंबताना वर येतो तो फेस दिसत नव्हता. मित्रांनो, तो दर वेळी दिसतोच असे नाही. कधी तर सगळे झोपलेले असताना येऊन ओसरतो. पण क्षितिजची नजर फेसावरच.

"मेलं हे," म्हणत त्याने मला बेसिनमध्ये उपडे केले.

"दादा, कायले ओतून राह्यला?" धाकट्या केतकीने विचारले.

"तुले फेस दिसून राह्यला का कुठं?"

"मले तर तूच फेसाळून राह्यला दिसतो!"

दुसऱ्या नळीचेही तेच झाले. जिवंत यीस्ट माझ्या गळ्यातून वाहून गेले आणि मी गप्प. काच असून काय उपयोग, आरपार बघायलाच कोणी तयार नसेल तर?

शेवटच्या नळीलाही रविवारी सकाळपर्यंत फेस नव्हता. क्षितिजने मला उचलले, तोच त्याची आई शुभदाताई ओरडल्या, "खबरदार बेसिनात ओतशील तर! साऱ्या घरात वास मारून राह्यला. बाहेर नेऊन टाक."

त्याने चिडून मला कूलरमागे सावलीत आदळले आणि तो निघून गेला. दिवसभर मला कोणी हलवले नाही. पोटातले यीस्ट हळूहळू खाली बसत गेले.

संध्याकाळी तो मला लिंबाच्या झाडाखाली ओतू लागला. वरचे पाणी गेले आणि त्याचा हात थांबला. तळाशी सायीसारखा दाट, पांढरा थर होता. धावत घरात जाऊन त्याने एक थेंब माझ्यासोबतच भंगारातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशींना कोंब फुटत होते.

"आई! जिवंत आहे!"

"आन् पहिले दोन?" केतकीने विचारले.

त्याने बराचसा थर स्वच्छ बाटलीत घेतला, झाकण सैल ठेवले आणि सोमवारी पहाटे एसटी पकडली. नोकरी लागली. घरात पेढे वाटले गेले. क्षितिज नागपूरला गेला, नवे चंबू वापरू लागला.

मला परत बेसिनजवळ ठेवले, तो मी अजून तिथेच आहे. कोणी मला धुतले नाही. उरलेला थर वाळून कडक झाला आहे. मित्रांनो, फेस दिसला नाही म्हणून काही ओतून देऊ नका. आधी निवांत ठेवा आणि तळाशी बघा. आणि काम झाल्यावर तोच तळ घासायलाही एकदा बघा.