पिकअपची पारख

सर्जेरावांनी बोट वाकवून पिकअपच्या पुढच्या पत्र्यावर टकटक केलं, कान जवळ नेला आणि नाक मुरडलं. पत्रा खणखणीत वाजायला हवा, तिथं तो बद्द वाजत होता.

"पोचे बुजवायला लांबी भरलीय हिला," ते म्हणाले. "ठोकलेली गाडी हाय. पुढची दाखवा."

दिगंबरशेठ पुढच्या गाडीकडं निघाले. बिबवेवाडीत जुन्या गाड्यांचा धंदा करून त्यांना वीस वर्षं झाली होती आणि गिऱ्हाईक किती पाण्यात आहे हे ते त्याच्या चपलेवरून ओळखत. हे गिऱ्हाईक मात्र त्यांना नवीन होतं. धोतर-टोपीतला साठीचा शेतकरी, त्याच्या मागे हातभर अंतरावर त्याची बायको, आणि दोघांनी मिळून अजून एकाही गाडीची किंमत विचारली नव्हती.

दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावून सर्जेरावांनी तेलाची पट्टी ओढून काढली, तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि बोटं पुसून टाकली. जळका वास येत होता. तिसऱ्या गाडीशी मात्र ते रेंगाळले. चारही टायरांच्या खाचांत नख घालून पाहिलं. बैल घेताना वशिंडापासून शेपटीपर्यंत हात फिरवतात तसा हौद्याच्या कडेनं शेवटपर्यंत तळहात फिरवला. मग इंजिन चालू करायला सांगून डोळे मिटून ऐकत उभे राहिले. हौदा मोठा होता, दीड टन माल सहज मावला असता.

"हीच," ते म्हणाले.

"धंद्यात पहिल्यांदाच बघतोय," दिगंबरशेठ म्हणाले, "रंग न विचारता गाडी घेणारं गिऱ्हाईक."

रंग सर्जेरावांनी विचारला नव्हता, कारण तिन्ही गाड्या त्यांना एकाच रंगाच्या दिसत होत्या, चुलीच्या धुरापलीकडच्या भांड्यांसारख्या.

"रंग काय चाटायचाय?" ते म्हणाले. शेठ हसले आणि वेळ निभावली.

हा धूर उन्हाळ्यापासून दाटत चालला होता. हडपसरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की साखरेनं डोळ्यामागचा पडदा खराब केलाय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर उपचार लगेच सुरू करा. त्या दिवशी सर्जेराव खत आणायला जातो असं सांगून गेले होते. येताना त्यांनी खरोखरच खताचं पोतं आणलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी वाटेत कालव्यात टाकून दिली.

चिठ्ठी घरी नेऊन चाललंच नसतं. खराडीची वडिलोपार्जित जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा त्या पैशात त्यांनी लोणी काळभोरला पाच एकर घेतली होती. जिथं त्यांची ज्वारी उभी राहायची तिथंच आता सातव्या मजल्यावर त्यांचा मुलगा रणजित कॉम्प्युटरसमोर बसत होता, आणि दर रविवारी येऊन एकच पालुपद लावत होता, की शेत वाट्यानं द्या आणि फ्लॅटवर राहायला या. बापाच्या नजरेचं त्याला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी तो सामान भरायला माणसं घेऊन आला असता. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि जेवायला हाक मारली की उठायचं, या नुसत्या कल्पनेनं सर्जेरावांना घाम फुटायचा. गाडी घ्यायला त्यांनी मुद्दाम मंगळवार निवडला होता, म्हणजे रणजित ऑफिसात अडकलेला असणार.

आणि श्रावणातली ती सकाळ. बायको मथुराबाईला ताप होता म्हणून ते भाजी घेऊन एकटेच टेम्पोनं निघाले होते. एरवी पावसाळ्यापासून तिला शेजारी बसून बडबडायची खोडच लागली होती. अगंबाई, हा सायकलवाला बघा कसा मध्येच आला, ही म्हैस कुणाची म्हणायची, असं लोणीपासून मार्केट यार्डापर्यंत तोंड चालू. वय झालं की बायका बोलक्या होतात अशी समजूत करून घेऊन ते सोसत होते. त्या सकाळी गाडीत शांतता होती, आणि रस्त्याच्या कडेला नळापाशी उभी केलेली सायकल त्यांना दिसलीच नाही. चाकाखाली काहीतरी मोडलं तेव्हा कळलं. सायकल एका शाळकरी मुलीची होती आणि मुलगी दोन पावलांवर ओंजळीनं पाणी पीत होती. फक्त दोन पावलं. सर्जेरावांनी तिला नवी सायकल घेऊन दिली, घरी येऊन ब्रेक लागले नाहीत असं सांगितलं, आणि महिन्याभरात तो टेम्पो भंगाराच्या भावात काढून टाकला. अजूनही जेवताना मध्येच तो मोडल्याचा आवाज कानात यायचा आणि हात ताटात थांबायचा.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात म्हणतात, तसा हा पिकअप लागला होता. गाडी दारात उभी राहिली की रणजितचं तोंड बंद होणार होतं. चालवायची कशी, ते पुढचं पुढं.

शेठनी तीन लाख सांगितले. खांद्यावरचं उपरणं काढून सर्जेरावांनी उजव्या हातावर टाकलं आणि बैलबाजारातल्या सौद्यासारखा हात पुढं केला. क्षणभर काहीच झालं नाही. मग उपरण्याखाली दुसरा हात आला, आणि तो हात जाणता होता. शेठचे वडील चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करत, हे सर्जेरावांना मागाहून कळलं. तोंडानं अवाक्षर न काढता दोघांनी बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. शेठच्या अंगठ्याला घाम आला तेव्हा सर्जेरावांनी ओळखलं की माणूस शेवटच्या भावाशी आलाय. उपरणं उचललं तेव्हा गाडीचा सौदा दोन लाख पस्तीस हजारांना ठरला होता. सर्जेरावांना किती दिवसांनी बरं वाटलं. या व्यवहाराला डोळे लागतच नव्हते.

"आन् गाडी तुमच्या माणसानं लोणीत आणून सोडायची," ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले.

"का? गाडी चालवायची विसरलात?" शेठ म्हणाले. "न चालवता न्याल आणि उद्या माझ्या नावानं खडे फोडाल. आधी एक चक्कर मारून या."

समोर किल्ल्या खुळखुळल्या. सर्जेरावांनी हात पुढं केला, तो वीतभर बाजूला पडला. त्यांनी घाईनं तो सावरला, पण तेवढ्यात बांगड्या वाजल्या आणि किल्ल्या दुसऱ्याच हातात गेल्या. गाडीचं दार उघडलं. सर्जेरावांना वाटलं, ती पलीकडं जाऊन बसतेय. मग दाराचा आवाज कुठल्या बाजूनं आला ते त्यांच्या ध्यानात आलं. मथुराबाई स्टिअरिंगपुढं बसली होती.

"अगं, काय करतीस? उतर खाली."

ती उतरली नाही. शेठनी विचारायच्या आत तिनं कमरेच्या पिशवीतून लायसन काढून खिडकीतून बाहेर दिलं. शेठनी ते एकदा वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"मथुराबाई सर्जेराव गव्हाणे," ते म्हणाले. "खरं आहे. फोटोही यांचाच आहे."

जिनं आयुष्यात सायकलला हात लावला नाही, ती बाई. शेवटी सर्जेराव बॉनेटच्या कडेनं हात लावत लावत पलीकडच्या दाराशी गेले. त्यांना लवकर चला असं कुणी म्हणालं नाही.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. गिअर कुरकुरला नाही. सर्जेराव दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरून बसले होते.

"कुणी शिकवलं?"

"निशानं." निशा त्यांची सून, रोज स्वतः गाडी चालवत ऑफिसला जाणारी. "तुम्ही रविवारी भजनाला गेलात की आम्ही टेम्पो काढायचो."

"तिला माझं म्हाईत हाय?"

"न्हाई. तिला सांगितलं, मला हौस हाय."

एका बसला जागा देऊन मथुराबाईनं गाडी पुन्हा रांगेत घेतली.

"त्या टेम्पोचे ब्रेक चांगले होते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच सर्जेरावांना तोंड लपवायला जागा उरली नाही. टेम्पो भंगारात गेला त्या दिवशी हीच बाई दारात उभी राहून म्हणाली होती, बरं झालं, ब्रेक नसलेली गाडी काय कामाची.

"मग विकू का दिलास?"

"तुम्ही ब्रेक म्हणलात, मी बी ब्रेक म्हणलं. त्या पोरीचं ऐकल्यावर तुमच्या हातात गाडी नको होती मला."

पुढं सिग्नल लागला आणि गाडी थांबली. इंजिन सुरेख चालत होतं. पारख चुकली नव्हती. सर्जेरावांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"कधी कळलं तुला?"

"आखाडात. मी भुईमुगात खुरपत होते. पाण्याची मोटर चालू होती. तुम्ही बांधावर आलात आन् म्हणलात, आनंदीबाई, आमची मंडळी कुठं दिसली का हो?"

सर्जेरावांना ती दुपार आठवली. आनंदीबाई शेजारच्या मळ्यातली. तिनं तोंडानं उत्तर दिलं नव्हतं, नुसता घराकडं हात केला होता, आणि ते बरं म्हणून घराकडं गेले होते. घरी मथुरा नव्हती. ती तासाभरानं आली, डोळे लाल करून, आणि इतका वेळ कुठं होतीस म्हणून त्यांनी वर तिलाच झापलं होतं.

"तिथंच का बोलली न्हाईस?"

"काय बोलणार? चाळीस वर्षांत पयल्यांदा मला अहो-जाहो केलंत."

सर्जेरावांनी मान तिच्याकडं वळवली. इतक्या जवळून तरी चेहरा दिसायला हवा होता.

"आता दिसतीय का मी?" तिनं विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. गेले सहा महिने ते सगळ्यालाच हो म्हणत आले होते.

"कुंकू दिसतंय," ते म्हणाले. "तेवढंच."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मथुराबाईनं आधी पदरानं दोन्ही डोळे कोरडे केले, समोरचा रस्ता नीट दिसतोय ना ते पाहिलं, आणि मग गाडी पुढं घेतली.