फुलदाणीच्या आतल्या रेघा

दादाचे हात तीस वर्षं मातीत होते आणि तोंडात तीस वर्षं स्वतःचंच कौतुक. लोक ते चालवून घ्यायचे, कारण भांडी खरंच देखणी व्हायची. धाकटी बहीण त्याच्याच हाताखाली शिकलेली. दोघांची भट्टी एक, घडणही इतकी सारखी की परक्याला फरक कळू नये. फक्त ती डावखुरी, म्हणून तिचं चाक उलटं फिरायचं.

यंदा भट्टीतून एक मोठी फुलदाणी निघाली. निळं, काचेसारखं ग्लेझ तिच्या अंगावरून असं काही ओघळलं होतं की नजर हटेना. बुडाजवळचा नावाचा शिक्काही त्या ग्लेझने पार गिळला होता. दादाने ती बेधडक आपली म्हणून प्रदर्शनात मांडली.

उद्घाटनाला ही गर्दी. एका बाईंनी विचारलं, एवढी पातळ भिंत साधली कशी? झालं, दादाला तेच हवं होतं. बाही सरसावून त्याने फुलदाणीत हात घातला. घडवताना आत बोटांच्या रेघा वळत वळत वर चढतात, त्या तो दाखवणार होता. पण त्या उलट्या बाजूने चढत होत्या.

फुलदाणी बहिणीची होती. समोर वीस माणसं, मागे भिंतीशी बहीण उभी. एक वाक्य बोलायचं होतं, बस. पण मेल्याची जीभ थांबेल तर शपथ. तो आपल्या हाताच्या सफाईबद्दल बोलतच राहिला, आणि त्याने टाळ्याही घेतल्या.

स्टुडिओत परतल्यावर त्याला तिच्याकडे बघवेना. चाक पुसता पुसता तिनेच विषय काढला. फुलदाणी आपली हे तिने भट्टी उघडली तेव्हाच ओळखलं होतं, पण त्याचा आनंद पाहून तिला सांगवेना. वर त्याचीच समजूत घातली.

"चुकून झालं रे दादा. तुला कुठे माहीत होतं?"

आयती सुटका समोर आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लाजेने त्याचे कान तापले.

"माहीत होतं," तो म्हणाला. "आत हात घातला तेव्हाच कळलं. पुढचं सगळं कळून बोललो."

तिचा हात थांबला. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगतो, तुझं नाव लावतो, असं तो घाईघाईने म्हणाला. तिने ऐकून घेतलं.

"चूक मी कधीच माफ केली होती," ती म्हणाली. "हे कसं माफ करू, कळत नाही."

रोज त्याच्यासाठी थांबणारी ती, चपला घालून एकटीच घरी गेली.