शकुनाची नोट

भाव पाडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी यशोधनची ठाम समजूत होती. २००३ साली अमेरिकेत, पिस्कॅटवेत जुनी कार घ्यायला निघाला, तो इंटरनेटवरच्या किमतींचे अकरा प्रिंटआउट घेऊनच. बायको, मालिनी, सोबत होती. तिला आधीच लाज वाटत होती.

कार डोनल हेफरनन या आयरिश म्हाताऱ्याची. तो खेड्यात वाढलेला, बापाबरोबर गुरांच्या बाजारात हिंडलेला. त्याने अठ्ठावीसशे डॉलर सांगितले. यशोधनने तासभर टायरला, काचेला, रंगाला नावं ठेवून चोवीसशेवर आणलं. म्हाताऱ्याला उलट मजा वाटत होती. सौदा पटला तसा, गुरांच्या बाजारातल्या रीतीप्रमाणे, तो आपल्या तळहातावर थुंकला आणि त्याने हात पुढे केला.

"शी! काय गावंढळपणा आहे यार!" यशोधन मराठीत पुटपुटला. हात न मिळवताच त्याने नोटा दिल्या.

डोनलने त्यातली वीसची एक नोट परत केली. "ही शकुनाची. आमच्याकडे विकणारा देतो. गाडी लाभू दे तुला."

"वीसच का?" यशोधन हसला. "शंभर द्या ना. जास्त लाभेल."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याने ती नोट काढून घेतली आणि सगळे पैसे यशोधनच्या हातात कोंबले. "तुला विकायची नाही."

मालिनीचे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांच्याबरोबर बाजारात तिने उपरण्याखाली बोटं दाबून ठरलेले सौदे पाहिले होते. तिथले फाटक्या सदऱ्यातले लोकही दिलेल्या शब्दावरून मागे फिरत नसत. आणि हा एमटेक झालेला! तिने नवऱ्याच्या हातातून पैसे ओढून घेतले.

"अगं, थांब! अजून उतरेल तो!"

"तू गप्प बस."

ती डोनलसमोर गेली, स्वतःच्या तळहातावर थुंकली आणि हात पुढे केला. "मला विका. चोवीसशेला."

म्हाताऱ्याने टाळी द्यावी तसा तिच्या हातावर हात मारला. पैसे घेतले आणि वीसची नोट तिच्या मुठीत ठेवली. कागदांवर नाव कुणाचं, असं विचारल्यावर तिने आपलं सांगितलं, स्पेलिंगसकट.

परतीच्या वाटेवर यशोधनची बडबड चालूच होती. परक्यासमोर अपमान केलास, थुंकलीस काय, शोभतं का? स्टिअरिंगवर बसलेल्या मालिनीने एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. तिला लेन बदलायची होती.